बीएस्सी एफवायला (पहिल्या वर्षाला) अभ्यास नेमका कसा करायचा? भाचीसाठी विचारतेय

सिडकोची_मावशी

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. माझी भाची पिंपळगाव बसवंतहून आमच्याकडे सिडकोत राहायला आलीये, बीएस्सीला ॲडमिशन घेतलंय, मेजर केमिस्ट्री. दहावीपर्यंत मराठी मीडियम, अकरावी-बारावी सायन्स तिकडेच केलं, बारावीला ६८ टक्के. घरात सायन्स घेणारी पहिलीच. कॉलेज सुरू होऊन पाच आठवडे झाले. रोज संध्याकाळी चार-चार तास पुस्तक घेऊन बसते हो पोरगी, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवते, मी बघते ना. पण काल रात्री अकराला किचनमध्ये आली आणि रडायलाच लागली. म्हणे, मावशी, वाचताना सगळं कळतं आणि पुस्तक मिटलं की पाटी कोरी.

मी पुस्तक उघडून बघितलं तर पिवळ्या हायलायटरने पानंच्या पानं रंगवलेली, एक ओळ पांढरी राहिली नव्हती. मी स्वतः बीकॉम, मला यातलं काही कळत नाही. क्लास लावू का? गाईड आणून देऊ का? की हिला सायन्स झेपणार नाही असं समजायचं? तिचे पप्पा म्हणतात अजून वेळ गेलेली नाही, बीए कर. ज्यांनी बीएस्सी केलंय किंवा शिकवलंय त्यांनी प्लीज सांगा.

ओझरकर

पाच आठवड्यांत कोण ठरवतं हो झेपतं की नाही ते. बीए अजिबात नको, म्हणजे बीए वाईट म्हणून नाही, तिला केमिस्ट्री हवीये म्हणून. आणि तो हायलायटर आधी लपवून ठेवा :)

मेघना_गंगापूररोड

मावशी, मी आठ वर्षांपूर्वी याच जागी होते, फरक एवढाच की मी रडले ते होस्टेलच्या गच्चीवर. पहिल्या सेमला फिजिक्सची केटी लागली होती, म्हणजे पेपर राहिला होता. आज एमएस्सी करून शिकवतेय. तेव्हा आधी तिला पोटभर जेवू घाला आणि सांगा की हे सगळ्यांचं होतं. सविस्तर रात्री लिहिते.

निवृत्त_मास्तर

ताई, मी ३१ वर्षं केमिस्ट्री शिकवली, नाशिक जिल्ह्यातच. तुम्ही जे लिहिलंत ते वाक्य, 'वाचताना कळतं आणि पुस्तक मिटलं की पाटी कोरी', हे मी दरवर्षी ऑगस्टमध्ये ऐकायचो. ते सांगणारी मुलं हुशार असतात, कारण आपल्याला येत नाही हे त्यांना कळलेलं असतं. बाकीच्यांना ते परीक्षेच्या हॉलमध्ये कळतं.

होतं काय, की तीच ओळ चौथ्यांदा वाचली की ती ओळखीची वाटते, आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं असं आपल्याला वाटतं. ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. रस्त्यात एखादा चेहरा ओळखतो आपण, पण नाव आठवत नाही, तसं. परीक्षेत कोणी चेहरा दाखवत नाही, नावच विचारतात.

हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या दिवसातच भराभर निसटतं आणि मग निसटण्याचा वेग कमी होतो. आणि २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर लिहिणारे पुढे, आणि चांगलेच पुढे. म्हणजे फसगत कुठे होते बघा, वाचून उठल्या उठल्या वाचणाऱ्यालाच जास्त येत असतं, त्यामुळे त्याला वाटतं आपली पद्धत बरोबर आहे.

तेव्हा तिला एवढंच सांगा. वाचन एकदाच, पण नीट, पेन हातात घेऊन. मग पुस्तक मिटायचं आणि पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, आकृती काढायची, समीकरण मांडायचं. अडेल तिथे अडू द्यायचं. दोन मिनिटं तसंच बसायचं, लगेच पान उघडायचं नाही. मग उघडून लाल पेनने चुका भरायच्या. दुसऱ्या दिवशी कॉलेजला जायच्या आधी त्याच विषयाचा पुन्हा एक कोरा कागद, दहा मिनिटांत. मग आठवड्याने एकदा. पहिले पंधरा दिवस फार जड जातं, कागद निम्मा रिकामा राहतो आणि मूल खचतं. तिथे तुम्ही तिच्या पाठीशी राहा. चार तासांची गरज नाही, असे दोन तास पुरतात.

सिडकोची_मावशी

मास्तर, किती छान समजावलंत. चेहरा आणि नाव, हे मी तिला आत्ताच सांगितलं, पहिल्यांदा हसली ती कालपासून. क्लासचं मात्र सांगा कोणीतरी, शेजारचे म्हणतात लावाच.

कॉलेजरोड_२०१६

मी जरा वेगळं सांगतो, राग मानू नका. क्लास नको हे बरोबर, पण कॉलेजच्या लेक्चरमध्येही फार वेळ घालवू नये असं माझं मत आहे. आमच्याकडे एक सर वही बघून फळ्यावर उतरवायचे आणि आम्ही फळा बघून वहीत उतरवायचो, तासाला काही अर्थच नव्हता. मी एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्रोफेसरांची लेक्चर्स बघितली, फुकट आहेत, वेग कमी-जास्त करता येतो, थांबवून परत बघता येतं. ७५ टक्के हजेरीपुरतं कॉलेज आणि बाकी वेळ स्वतःचा अभ्यास, असं केलं तर जास्त फायदा होतो.

मेघना_गंगापूररोड

@कॉलेजरोड_२०१६, एनपीटीईएल चांगलंच आहे, मी पण बघायचे, पण एफवायच्या मुलीला हे सांगू नका ना. ती लेक्चर्स बरीचशी पुढच्या पातळीची असतात, आणि व्हिडिओ बघणं हे पुन्हा मास्तर म्हणतात तसं चेहरा ओळखणंच झालं, समोरचा माणूस सगळं सोडवून दाखवतो आणि आपल्याला वाटतं आपणच सोडवलं. शिवाय वर्गात न गेलेल्या मुलाला शंका विचारायला माणूसच उरत नाही. मी टीवायला होते तेव्हा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो लेक्चर संपल्यावर दारात मॅडमना गाठून विचारलेल्या दोन मिनिटांच्या प्रश्नांचा.

आता सविस्तर लिहिते म्हटलं होतं ते. माझी केटी का लागली तर मी बारावीसारखा अभ्यास केला. बारावीत क्लासवाले प्रश्न छापून देतात, उत्तर छापून देतात, वर्षाच्या शेवटी एक बोर्डाची परीक्षा. इथे सेमिस्टर म्हणजे सुट्ट्या धरून जेमतेम चार महिने, त्यात गणपती, नवरात्र, आणि दिवाळीच्या आसपास एकदम परीक्षा अंगावर. नवीन शैक्षणिक धोरणात सेमला साधारण २२ क्रेडिट असतात आणि विषय बरेच, छोटे छोटे. दोन क्रेडिटचा पेपर ५० मार्कांचा, त्यातले १५ इंटर्नल आणि ३५ सेमिस्टर परीक्षेचे. मुलं ते १५ सोडून देतात, टेस्ट बुडवतात, असाइनमेंट कोणाची तरी उतरवतात, आणि मग ३५ मध्ये सगळं वसूल करायला बघतात. मावशी, तिला टेस्टच्या तारखा कॅलेंडरवर लिहून फ्रिजवर लावायला सांगा.

कॉलेजरोड_२०१६

बरं, एफवायपुरतं मान्य. दारात गाठून विचारायचं मला कधी सुचलंच नाही हे खरंय.

पंचवटीची_काकू

सगळं ठीक, पण पोरगी रात्री अकरापर्यंत जागी कशाला? माझा मुलगा पहाटे साडेचारला उठून रामकुंडाकडे चक्कर मारून यायचा आणि मग बसायचा, इंजिनियर झाला. रविवारी तिला मिसळ खायला घेऊन जा गं, नाशिकला येऊन पोरगी डब्यातली पोळीभाजीच खातेय असं नको व्हायला.

ओझरकर

काकू, मिसळ खाऊन अभ्यासाला बसलं तर फक्त झोपेचा अभ्यास होतो :) पण रविवारची सुट्टी हवीच, याला माझा पाठिंबा.

दिंडोरीचा_पोऱ्या

मावशी, भाची पिंपळगावची म्हणजे घरी द्राक्षबाग असणार असं धरून लिहितो. मी दिंडोरीहून रोज एसटीने अप-डाऊन करून बीएस्सी केलं. सकाळच्या गाडीत उभं राहायलाच जागा नसायची, पुस्तक कुठून उघडणार. मग मी डोळे मिटून कालचं लेक्चर मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणत यायचो, सरांनी पहिलं वाक्य काय बोललं, मग फळ्यावर काय लिहिलं. जिथे अडायचो ते हाताच्या तळव्यावर पेनने लिहून ठेवायचो आणि कॉलेजात उतरल्यावर आधी ते बघायचो. मास्तरांनी सांगितलेला कोरा कागद मला तेव्हा माहीत नव्हता, पण माझा तळहात तोच कागद होता म्हणा.

पण मला वेगळंच सांगायचंय. एफवायला मोलॅरिटी, नॉर्मॅलिटी, पीपीएम, म्हणजे द्रावण किती तीव्र ते मोजायचं सुरू झालं तेव्हा वर्गातली शहरातली पोरं गोंधळली आणि मी नाही. कारण आमच्याकडे द्राक्षाच्या घडांना जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड, द्यायचं असलं की लहानपणापासून हिशोब चालायचा, एक ग्रॅम पावडर आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवायची, मग १०० लिटर पाण्यात, झालं १० पीपीएम. तीस पीपीएम पाहिजे तर तीन ग्रॅम. एक लाखाला एक म्हणजे दहा लाखाला दहा, एवढंच तर आहे ते. पण मला कोणी सांगितलं नव्हतं की बाबा, बागेत करतोस तीच केमिस्ट्री आहे. मी दोन महिने पीपीएमची व्याख्या इंग्रजीत पाठ करत बसलो होतो, आणि एका रविवारी वडिलांना टाकीत जीए कालवताना बघितलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला.

तसंच बोर्डो, बागेवर फवारतात ते बुरशीचं औषध. एक किलो मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट), एक किलो चुना, १०० लिटर पाणी, झालं एक टक्का. आमचे वडील मिश्रण तयार झालं की त्यात लोखंडी विळा बुडवून थोडा वेळ धरायचे. विळ्याला तांबूस थर चढला तर म्हणायचे चुना कमी पडला, अजून टाक, नाहीतर पानं जळतील. हे म्हणजे विस्थापन अभिक्रिया की हो, लोखंड तांब्याला बाहेर काढतं. तिला घरच्या बागेतलं एकेक आठवायला सांगा.

निवृत्त_मास्तर

दिंडोरीकर, वा! मी इतकी वर्षं वर्गात रिॲक्टिव्हिटी सिरीज शिकवली आणि विळ्याचं उदाहरण मला एकाही विद्यार्थ्याने दिलं नाही, कदाचित मीच विचारलं नसेल. बोर्डो मूळचं फ्रान्समधलंच, बोर्डो गावाच्या भागात मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी, म्हणजे डाऊनीसाठी, ते पुढे आणलं. आणि मोरचूद लोखंडी भांड्यात विरघळवू नये म्हणतात त्याचं कारणही विळ्यावरच्या त्या थरातच आहे. ब्रिक्स, म्हणजे द्राक्षातली साखर, बघायला शेतकरी जो रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावतात तो अपवर्तनांकावर चालतो, आणि त्याचाच मोठा भाऊ तिला लॅबमध्ये भेटेल.

द्राक्षमणी

नमस्कार सर्वांना. मी ती भाची. मावशीने सांगितलं म्हणून अकाउंट काढलं. दिंडोरीचे दादा, आमचे पप्पा पण विळाच बुडवतात!! मला वाटायचं ती त्यांची सवय आहे. मी आत्ता फोन करून विचारलं तर म्हणाले, अगं आजोबा बुडवायचे म्हणून मी बुडवतो. मग मी त्यांना सांगितलं की लोखंडाचे इलेक्ट्रॉन तांबं घेतं. ते म्हणाले, हे कॉलेजात शिकवतात का, मग शिक.

सिडकोची_मावशी

मंडळी, हा फोन मी ऐकलाय. बीएचा विषय संपलेला आहे :)

नीट_दोनदा

द्राक्षमणी, एक मनापासून सांगते. तुझ्या वर्गात निम्मी मुलं अशी असतील जी नीट किंवा सीईटीला लागलं नाही म्हणून आलीत, मी पण त्यातलीच होते, दोनदा दिली. ती मुलं पहिलं वर्ष शोक करण्यात घालवतात, लेक्चरला बसून परत नीटचे एमसीक्यू सोडवतात, आणि ना इकडचं होतं ना तिकडचं. त्यांच्या बोलण्याने तू खचू नकोस. 'इथे कोण स्वतःहून येतं' हे वाक्य मी वर्षभर ऐकलं आणि वर्षभर त्यावर विश्वास ठेवला. परत द्यायचीच असेल तर घरी ठरवून, एकदा, तारीख लावून द्यावी, अर्धवट नको. मला बॉटनी आवडते हे मला एसवायला कळलं, एक वर्ष उशिरा.

द्राक्षमणी

ताई, मी नीट दिलीच नव्हती. मला खरंच केमिस्ट्री आवडते. बारावीत मीठ ओळखायचं प्रॅक्टिकल होतं ना, ते आवडलं होतं.

नीट_दोनदा

मग तू माझ्या एक वर्ष पुढे आहेस.

अंबड_क्यूसी

मी अंबड एमआयडीसीत एका कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये आहे, १४ वर्षं. दरवर्षी बीएस्सी झालेली पोरं इंटरव्ह्यूला येतात. सगळ्यांचं जर्नल सुंदर, कव्हर घातलेलं, सर्टिफाइड. मी एकच प्रश्न विचारतो, ०.१ मोलर ऑक्झॅलिक ॲसिड २५० मिली करायचंय, किती ग्रॅम घेशील? कागद-पेन देतो, वेळ देतो. बरेच जण २.२५ ग्रॅम सांगतात. उत्तर ३.१५ आहे. का, तर बाटलीत असतं त्या ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये पाण्याचे दोन रेणू धरून वजन १२६ होतं, ९० नाही. हे पुस्तकात आहे, पण बाटलीवरचं लेबल ज्याने स्वतः वाचून वजन केलंय त्यालाच ते आठवतं. ग्रुपमधल्या एकाने वजन केलं आणि बाकीच्या चौघांनी रीडिंग उतरवलं, असं तीन वर्षं चालतं आणि मग माझ्यासमोर येऊन पोरगं घाम पुसतं. मला फार वाईट वाटतं हो, कारण पोरगं हुशार असतं, घरची परिस्थिती बेताची असते, आणि नोकरी त्याच्या हातातून त्या दोन पाण्याच्या रेणूंनी जाते.

द्राक्षमणी, प्रॅक्टिकलला जाताना काय करायचंय ते आदल्या रात्री एका कागदावर स्वतःच्या शब्दांत लिहून जा. वजन तू कर. ब्युरेट, म्हणजे ती खुणांची काचेची नळी, तू भर. आणि रीडिंग पेन्सिलने सुट्या कागदावर नको, थेट वहीत, पेनाने, चुकलं तर एक आडवी रेघ आणि बाजूला बरोबर आकडा. आमच्या धंद्यात खोडलेला आकडा चालतो, मिटवलेला चालत नाही.

द्राक्षमणी

सर, खरं सांगू का, आमच्या ग्रुपमध्ये मी रीडिंग लिहिणारीच आहे. ब्युरेट फुटेल म्हणून मी हात लावत नाही.

निवृत्त_मास्तर

बाळा, माझ्या हातून पण फुटल्यात ब्युरेट, आणि शिकवायला लागल्यावर. परवा प्रॅक्टिकल असेल तर सगळ्यांच्या आधी दहा मिनिटं जा, नुसतं पाणी भरून ब्युरेटची चावी उघड-बंद करून बघ. डावा हात मागून वळसा घालून चावीवर, उजवा हात फ्लास्कवर. एक थेंब सोडता येतो का बघ, मग अर्धा थेंब, म्हणजे टोकाला लोंबकळता ठेवून फ्लास्कच्या काठाला लावायचा. लेक्चरमध्ये हे कोणी शिकवत नाही, हाताला सवय लागावी लागते.

कोणतं टायट्रेशन आहे, म्हणजे ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून काय मोजायचंय?

द्राक्षमणी

पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिड.

निवृत्त_मास्तर

उत्तम! मग तीन गोष्टी डोळे उघडे ठेवून बघ आणि मला इथे सांग. एक, बाकी सगळीकडे द्रवाच्या वक्राचा खालचा काठ वाचतात आणि इथे वरचा का वाचायचा. दोन, सल्फ्युरिक ॲसिडच का टाकायचं, हायड्रोक्लोरिक का नाही. तीन, फ्लास्क ६०-७० डिग्रीला गरम केलेला असला तरी पहिल्या थेंबांचा जांभळा रंग जायला वेळ लागतो आणि नंतरचे थेंब पडताक्षणी रंग सोडतात, असं का. तिसऱ्याचं उत्तर गुगलवर शोधू नकोस. आधी स्वतः एक अंदाज लिही, चुकला तरी चालेल.

एप्सिलॉन

केमिस्ट्रीवाल्यांनी धागा पळवला :) मॅथ्स मायनर असणाऱ्यांसाठी पण लिहितो. एफवायला लिमिटची व्याख्या येते, एप्सिलॉन-डेल्टावाली, आणि तिथे अर्धा वर्ग पाठांतर करतो. पाठ करू नका, तो दोघांचा खेळ आहे. तू मला सांगतोस की उत्तर ७ च्या इतक्या जवळ पाहिजे, तो तुझा एप्सिलॉन. मी तुला सांगतो की मग एक्सला ३ च्या इतक्या जवळ ठेव, तो माझा डेल्टा. समजा फंक्शन आहे दोन एक्स अधिक एक. एक्स ३ पासून जेवढा हलेल त्याच्या दुप्पट उत्तर ७ पासून हलतं, म्हणून तू काहीही एप्सिलॉन दे, मी त्याचा निम्मा डेल्टा देणार आणि जिंकणार. माझ्या मित्राने आणि मी हे गोदाघाटावर बसून खेळून पाहिलं होतं, तो आकडे द्यायचा आणि मी डेल्टा. तेव्हापासून ती व्याख्या विसरलो नाही. दोघांनी मिळून अभ्यास करायचा तर असा, एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने पुस्तक न बघता उत्तर द्यायचं. नुसतं शेजारी बसून वाचणं म्हणजे सोबत झाली.

सातपूरचा_भौतिक

फिजिक्सवाल्यांसाठी एक छोटंसं. एक मीटर लांबीचा लंबक एका आंदोलनाला साधारण २ सेकंद घेतो. स्टॉपवॉच दाबायला आपला हात ०.२ सेकंद इकडेतिकडे करतो. एकच आंदोलन मोजलं तर चूक १० टक्के, वीस मोजली तर ४० सेकंदांत तेवढेच ०.२, म्हणजे अर्धा टक्का. वीस आंदोलनं का, याचं उत्तर एवढंच आहे, आणि 'सरांनी सांगितलं म्हणून' हे व्हायवात द्यायचं उत्तर नाही.

आणि फेब्रुवारीत विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदला जाऊन या सगळे. पुणे रोडवरच, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. तेव्हा सर्वसामान्यांना आत जाऊ देतात. मी एसवायला असताना एसटीने गेलो होतो, त्या अँटेनाखाली उभं राहिल्यावर इंटरफरन्सचा धडा परत येऊन वाचला, या वेळी कोणी न सांगता.

मेघना_गंगापूररोड

इंग्रजीचं राहिलंच की. द्राक्षमणी, माझं पण दहावीपर्यंत मराठीतच झालं. अकरावी-बारावी आपण इंग्रजी पुस्तकांतून पास होतो खरं, पण क्लासच्या नोट्सवर, सलग इंग्रजी वाचायची सवय लागत नाही, आणि एफवायला रेफरन्स बुक हातात आलं की वाक्याच्या शेवटापर्यंत पोचेस्तोवर सुरुवात विसरते. तू वाचतेस चार तास त्यातले दोन इंग्रजीशी झगडण्यात जात असतील. मी काय केलं, एक छोटी वही केली, डावीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत, उजवीकडे मराठी आणि एक ओळ अर्थ. रिडक्शन, क्षपण, इलेक्ट्रॉन मिळणं. मोमेंटम, संवेग. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, त्यात विज्ञानाच्या नोंदी खूप चांगल्या आहेत, आधी तिथे मराठीत वाचायचं आणि मग इंग्रजी पुस्तक उघडायचं. कोऱ्या कागदावर लिहिताना मात्र विचार मराठीत कर आणि वाक्य इंग्रजीत लिही, कारण पेपर इंग्रजीत आहे. मोडकं लिहिलं तरी चालेल. मी पहिले सहा महिने फार मोडकं लिहिलं.

कॉलेजरोड_२०१६

याला शंभर टक्के सहमत. घरी जागा कमी असेल तर सार्वजनिक वाचनालयात पण जाऊन बस, १८४० सालापासूनची संस्था आहे, सावाना म्हटलं की कोणीही सांगेल कुठे ते. आणि टीवायनंतर एमएस्सी आयआयटीतून करायची इच्छा असेल तर जॅम नावाची परीक्षा असते. ती एफवायच्या बेसिकवरच उभी असते, त्यामुळे आत्ताच्या वह्या फेकू नकोस.

पंचवटीची_काकू

पोरीला आत्ताच आयआयटी नका सांगू रे, आधी ती ब्युरेट भरू दे.

सिडकोची_मावशी

नऊ दिवसांनी लिहितेय. क्लास लावला नाही. हायलायटर माझ्याकडे आहे. फ्रिजवर कॅलेंडर आहे, टेबलावर पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा आहे, माझ्या ऑफिसातले जुने प्रिंटआउट. पहिले चार दिवस कागद खरंच निम्मे रिकामे होते आणि तिचा चेहरा उतरलेला असायचा, मास्तर म्हणाले होते म्हणून मी काही बोलले नाही, नुसता चहा नेऊन ठेवला. काल एक कागद दोन्ही बाजूंनी भरला होता. साडेनऊला झोपली. बाकी तीच लिहील.

द्राक्षमणी

प्रॅक्टिकल झालं. मी दहा मिनिटं आधी गेले, लॅब असिस्टंट काकांनी पाणी भरून दिलं, ते म्हणाले कोणी असं आधी येत नाही. ब्युरेट फुटली नाही. वजन मी केलं, आणि बाटलीवर पाण्याचे दोन रेणू खरंच लिहिलेले आहेत, मी बोट ठेवून वाचलं. तीनपैकी दोन रीडिंग सेम आली, पहिलं जास्त गेलं कारण मी घाईत जास्त सोडलं. वहीत एक आडवी रेघ मारलीये.

मास्तर, तुमचे प्रश्न. पहिला, द्राव इतका गडद आहे की खालचा काठ दिसतच नाही, म्हणून वरचा. दुसऱ्याला मॅडमनी मदत केली, हायड्रोक्लोरिक टाकलं तर परमँगनेट त्यातल्या क्लोराइडलाच ऑक्सिडाइज करत बसेल आणि रीडिंग चुकेल. तिसऱ्याचा अंदाज मी आधी लिहिला होता की फ्लास्क नीट गरम झाला नसेल. पण मग नंतरचे थेंब पडले तेव्हा तर तो उलट गार होत चालला होता आणि तरी रंग पटकन जात होता. म्हणजे उष्णतेमुळे नाही. मग आत असं काहीतरी तयार होत असणार जे आधी नव्हतं. समीकरण लिहून बघितलं तर तयार होतं ते मँगनीज टू प्लस. ते स्वतःच पुढच्या अभिक्रियेला पळवतं का?

निवृत्त_मास्तर

हो. त्याला ऑटोकॅटॅलिसिस म्हणतात. आता मला सांग, सुरुवातीलाच फ्लास्कमध्ये मँगनीज सल्फेटचे दोन-चार खडे टाकले तर पहिल्या थेंबाचं काय होईल?

द्राक्षमणी

लगेच सांगत नाही सर. अंदाज कागदावर लिहून ठेवलाय. मंगळवारी बॅच आहे, मॅडमना विचारून करून बघते आणि मग लिहिते.